गोलमागचा माणूस

टीव्हीवर समोरच्या टीमने गोल मारला, तसा निबारण स्वतःहूनच उठला. मुरमुऱ्यांची वाटी उचलली, चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, आणि मिलन संघाच्या क्लबातलं कुणी काही बोलायच्या आत बाहेर हापशाच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

"अजून लांब, निबारणदा!" आतून भोंबल ओरडला. "हापशापर्यंत तुमची रेंज येते!"

सगळे फसकन हसले. निबारणही हसला, आणि वाटी घेऊन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी सरकला. थोड्या वेळाने क्लबाचं छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला. गोल फिटला होता.

"बघा," इस्त्रीवाला निखारे फुंकत म्हणाला. "तुम्ही हललात की होतंच."

निबारणने मान डोलावली. जणू गोल त्यानेच मारला होता.

सगळी करामत भोंबलची. काही वर्षांमागे निबारण क्लबात शिरला आणि त्याच घटकेला आपल्याच माणसाने आपल्याच गोलात बॉल घातला. भोंबल म्हणाला, "दादा, जरा बाहेर जाऊन विडी ओढून या बघू." विडी धड पेटलीही नव्हती, तेवढ्यात गोल. पुढच्या मॅचला परत तेच. झालं, गल्लीने निबारणला अपया ठरवून टाकला. म्हणजे पांढऱ्या पायाचा.

त्याला वाईट वाटलं असेल? छे! होमिओपॅथीच्या दुकानात साबुदाण्याएवढ्या गोळ्या बाटल्यांत भरणारा माणूस. आधी त्याला गल्लीत कुत्रं विचारत नव्हतं. आता लोक लांबून हाक मारायचे, "निबारणदा, आज मॅच आहे, कुठं बसणार?" त्याच्यावाचून मॅच सुरू होत नव्हती असंच म्हणा ना. फक्त तो तिथे असून चालत नव्हतं.

पण गल्ली एकदा एखादी गोष्ट धरते, तेव्हा फुटबॉलवर थोडीच थांबते. घोषालांच्या मुलीचा निकाल होता त्या सकाळी घोषालबाईंनी निबारणला येताना बघून हसत हसत खिडकी लावून घेतली. लग्नाला बोलवायचे आणि वर सांगायचे, "विधी उरकले की या हं, थेट जेवायला." निबारण थेट जेवायला जायचा.

आणि गंमत बघा, त्याचाच मुलगा तोतन मिलन संघाचा स्ट्रायकर निघाला. मैदान घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. पोरगं कसं धावतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, बापाला सोडून.

रविवारी बेलतला स्पोर्टिंगशी शेवटची मॅच होती. जिंकली तर संघ वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता, आणि तोतनला बघायला एका मोठ्या क्लबाचे प्रशिक्षक येणार होते. शनिवारी संध्याकाळी तोतन भात कालवत असताना निबारणने हळूच विषय काढला.

"उद्या मी येऊ का रे? पार मागे उभा राहीन. पान खाणाऱ्यांच्या घोळक्यात."

तोतनचा हात थांबला. "बाबा, माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर."

"मग झालं तर."

"पण बाकीच्या दहाजणांचा आहे. तुम्ही दिसलात की त्यांचे पाय जड होतात. मग मी मानलं काय, न मानलं काय?"

"छत्री धरतो. तोंड दिसणार नाही."

"बाबा." तोतनने ताटातून वर बघितलं नाही. "नका येऊ."

"अरे, मस्करी केली," निबारण म्हणाला. "मला कुठं कळतं फुटबॉल!"

शेफालीने नवऱ्याच्या ताटात माशाची शेपटी वाढली.

रविवारी दुपारी भोंबल हसत हसत दारात आला. मागे आणखी चार टगे होते.

"बौदी, नाराज होऊ नका. गल्लीचा निर्णय आहे," तो शेफालीला म्हणाला, आणि त्याने बाहेरून दाराला कडी घातली. "मॅच संपली की मीच काढतो. चहा लागला तर खिडकीतून मारा हाक!"

"कुलूप पण घाल की!" निबारण आतून ओरडला. बाहेर पुन्हा हशा पिकला.

मागे दार नाही. खिडकीला गज आहेत. निबारणने पेपर अंथरला आणि केळफूल सोलायला घेतलं. शेफाली रोज दुपारी आडवी व्हायची, पण आज ती त्याच्यासमोर पाय पसरून बसली आणि एकेका फुलातला दांडा काढून टाकू लागली. दोघांच्या बोटांना काळा चीक लागला. मैदानावरून आवाज आला की दोघांचे हात थांबायचे.

"आपला?" ती विचारायची.

"आपला नाही. आपला असता तर ढोल वाजला असता."

मग ढोल वाजला. बरोबरी. निबारणने केळफूल खाली ठेवलं आणि तो गुडघ्यांवर ताल धरू लागला. शेफाली हसायला लागली. "कपडे नासवाल, हात धुवा आधी!"

शेवटी शेवटी मैदान एकदम गप्प झालं. हजार माणसं एका वेळी श्वास धरतात ना, तसं. मग "आऽऽह" असा आवाज आला, आणि पुढे काहीच नाही. ढोल नाही, शिटी नाही.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. भोंबल होता. आज हसत नव्हता.

"बरोबरीत सुटली," तो म्हणाला. "पेनल्टी मिळाली होती. तोतनने बारवरून मारली. क्लबात चला, काका. त्याचं काही खरं नाही."

निबारणदा म्हणणारा भोंबल पहिल्यांदाच काका म्हणाला.

क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. तोतन बाकावर बसला होता, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. सेक्रेटरी हारूदा उभे होते.

"बाहेरचे लोक काय वाट्टेल ते बोलतायत, मुद्दाम हुकवली म्हणतायत," हारूदा म्हणाले. "मी म्हणतो, पोरगं घाबरलं. पण एवढ्या मोठ्या मॅचला घाबरणारा पोरगा मला नको. आज बहाणापण नाही. बाप तर कोंडलेला होता. मग चूक कुणाची?"

कुणीतरी मागून म्हणालं, "ज्याची आहे त्याची!"

"जर्सी काढून ठेव तोतन," हारूदा म्हणाले. "पुढच्या मोसमाचं बघू."

तोतनने जर्सीच्या कडेला हात घातला.

"मी गेलो होतो," निबारण म्हणाला.

सगळी डोकी वळली. निबारणने काळी बोटं पाठीमागे नेली.

"मैदानावर. राहवलं नाही. गोलच्या मागे उभा होतो."

क्लबात काहीतरी सैल पडल्यासारखं झालं. चारपाच जणांनी एकदमच श्वास सोडला. "तरीच!" "मी म्हणतच होतो, असं कसं होईल?" "अहो निबारणदा, एक दिवस तरी कळ काढायची!" शिव्याही पडल्या, पण त्या मायेच्या, ओळखीच्या. हारूदांनी कपाळाला हात लावला आणि तोतनच्या खांद्यावर थापटलं.

"पण कडी?" एकाने विचारलं. "भोंबल, तू घातली होतीस ना?"

भोंबलने निबारणकडे बघितलं. कडी त्याने स्वतः घातली होती आणि स्वतःच काढली होती. जन्म याच गल्लीत गेलेला, ते घर त्याला पाठ होतं. त्याने तोंड उघडलं. सगळा क्लब त्याच्याकडे बघत होता.

"सैल आहे त्यांची कडी," भोंबल म्हणाला. "आतून दार हलवलं की पडते. मी घालतानाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," त्याच्याबरोबर आलेल्या चौघांपैकी एकजण म्हणाला.

तेवढ्यात तोतन बोलला. पहिल्यांदाच. बापाकडे बघून, डोळे भरून.

"मी बघितलं तुम्हाला. बॉल ठेवला, मान वर केली, आणि तुम्ही दिसलात. जाळीच्या मागे. तिथेच माझा पाय चुकला."

निबारण त्याच्याकडे बघत राहिला. पोरगं खोटं बोलत नव्हतं. लहानपणापासून खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. कान लाल नव्हते.

"हो," निबारण म्हणाला. "तिथेच होतो."

जर्सी तोतनच्या अंगावरच राहिली. हारूदांनी ठरवून टाकलं की यापुढे मॅचच्या दिवशी निबारणदांनी बारासात गावी बहिणीकडे जावं, सकाळच्याच गाडीने. निबारणने आनंदाने मान हलवली. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला, आणि कप घेऊन तो सवयीने बाहेर जाऊन बसला.

घरी आला तेव्हा शेफाली चुलीपाशी होती. बातमी तिच्यापर्यंत कधीच पोहोचली होती. गल्लीतल्या बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या, सतरंजी तशीच पसरलेली होती. तोतन आत पालथा झोपला होता.

निबारण तिच्याजवळ उकिडवा बसला.

"काय गं," तो हळू आवाजात म्हणाला, "मी दुपारभर इथेच होतो ना?"

शेफालीने भाजी परतली. झाकण ठेवलं. पदराने हात पुसले.

"मधे माझा जरा डोळा लागला होता," ती म्हणाली.