वाघिणीसाठी जुने कपडे

"दार उचल रं शुक्रा, झोपलास काय?" जितेश जाळीबाहेरून ओरडला.

शुक्राने साखळी ओढून लोखंडी दार वर घेतलं. बिबट्याची मादी आतल्या खोलीतून बाहेर पडली आणि रोजच्यासारखी भिंतीकडेने चालायला लागली. या टोकाकडून त्या टोकाकडे, तिथून परत. तिथलं गवत झिजून वाट पडली होती. खालापूरजवळच्या या प्राणिसंग्रहालयात आणल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. होती बिबटी, पण सगळे तिला वाघीणच म्हणत.

ऋजुता मॅडम नोकरीला लागल्या तेव्हापासून तिला रमवायचे खेळ सुरू झाले. मॅडम त्याला एनरिचमेंट म्हणत. ओंडक्याला मिरी चोळून झाली, मांस झाडावर लपवून झालं. वाघिणीने मान वळवली नाही. मग मॅडमनी सगळ्यांना घरचे जुने कपडे आणायला सांगितलं. वापरलेले, पण धुतलेले नकोत. त्यात पेंढा भरून टांगायचं.

"माझी पँट टांगली तर वाघीण पळंल," जितेश म्हणाला होता.

"बायको नाय पळाली, वाघीण कशाला पळतीय?" शुक्रा म्हणाला होता. त्याची बायको ठमी वारल्यानंतर त्याने कुणाची केलेली ती पहिली चेष्टा.

आज सकाळी सुनेने, सुनिताने, पिशवी बांधून दिली. त्याने ती गाडीला अडकवून आणली, उघडूनही न बघता जितेशच्या हातात दिली, आणि पाणी भरायला गेला.

आता उंबराच्या फांदीला ते लटकत होतं. हिरवं, लाल काठाचं. पेंढ्याने फुगलेलं, मध्ये सुतळीने आवळलेलं.

शुक्रा जाळीला चिकटून बघत राहिला. ते ठमीचं लुगडं होतं.

मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवायचं नाही, हा त्यांच्या पाड्याचा रिवाज. दिवसकार्याला ठमीचे सगळे कपडे बाहेर गेले. आजारपणात नेसायची ते एक त्याने भावकीच्या नकळत पेटीच्या तळाशी सारलं होतं. घरात कुणी नसलं की तो ते काढून तोंडावर धरायचा. धूर, खोबरेल, तिचा घाम. म्हणून त्याला त्याने कधी पाणी लावलं नव्हतं.

त्याने सुनेला फोन लावला. "पेटीला हात कशाला लावलास गं?"

"तुमीच बोल्लात ना मामा, धुतलेलं नको. बाकी समदं धुतलेलं व्हतं. बिनधुतलं तेवढंच घावलं." ठमी गेल्यानंतर सून होऊन आलेली ती, सासूला तिने पाहिलंही नव्हतं. "कुनाचं हाय ते?"

"जुनं हाय," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याने मांसाची बादली उचलली. बादली वाजवली की वाघीण आत यायची. ती आत आली की दार पाडायचं आणि लुगडं काढून आणायचं.

"काका, थांबा." ऋजुता मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. मोबाइल वर धरलेला. "अजिबात आवाज नको."

वाघीण चालायची थांबली होती. उंबराखाली आली. लुगड्याला नाक लावलं, मग गाल घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. डोळे मिटून.

"इतके महिने मी याच्यासाठी धडपडतेय," मॅडम कुजबुजल्या. "काय लावलंय हो त्याला?"

"काय नाय. बाईमानसाचं हाय."

वाघिणीने पंजा मारला. काठ टरकन फाटला, पेंढा खाली आला. मग तिने वळून शेपूट वर केली आणि लुगड्यावर मुताची धार सोडली. तो वास शुक्राला माहीत होता. त्याच्याखाली दुसरा कुठला वास उरत नाही.

त्याने बादली खाली ठेवली.

"उद्या असंच आणखी काही आणाल, काका?"

"उद्या कशाला?" शुक्राने शर्टाची बटणं काढली. शर्ट उतरवला, नीट घडी घातली आणि जितेशकडे दिला. "ह्यो टांग. कालपासून अंगावर हाय."

"खुळा झालास काय रं?" जितेश म्हणाला. मॅडम हसल्या, मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबल्या.

शुक्रा बनियनवरच आतल्या खोलीत गेला आणि पाइप लावून फरशी धुवायला लागला.