रिकाम्या गावातला दिवा

पेजेच्या टोपावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे झोपडीतली शांतता मोडली. काशीकाकी उठल्या, माझा टोप बाजूला उतरवला आणि चुलीवर आपला वेगळा टोप ठेवला. माझ्याकडे न बघता.

गावपळणीचा दुसरा दिवस होता. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर येतो. घरांना कुलपं. गावात चूल नाही, दिवा नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे माळावर झोपड्या घालून राहायचं. माझा नवरा विनीत बोटीवर नोकरीला, म्हणून मी, पाच वर्षांची तन्वी आणि चुलतसासू काशीकाकी अशी आमची एकच झोपडी.

आदल्या तिन्हीसांजेला व्हाळावर गेलेल्या काकींना पलीकडे आमच्या घरात दिवा दिसला. नेमकी तेव्हा मी झोपडीत नव्हते. अपेक्षाला, माझ्या नणंदेला, फोन लावायला रेंज शोधत रस्त्यापर्यंत गेले होते. झालं! सकाळपर्यंत माळभर एकच बोलणं. विनीतची बायको गुपचूप घरी जाऊन आली, गावपळण मोडली.

"मी गेलंयच नाय, काकी."

"माझ्या डोळ्यांनी बघलंय मी दिवो. आपसूक पेटलो काय तो?"

तन्वी मांडीवर बसायला गेली, तर त्यांनी तिला खाली उतरवलं. पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. मला बोललेलं मी गिळलं असतं, पण हे कसं गिळणार?

त्यात भाई, आमच्या गावचे मानकरी, संध्याकाळी देवाला गाऱ्हाणं घालून आमच्या घराची चूक सांगणार होते. एकदा ते देवासमोर बोललं गेलं असतं, तर तन्वीच्या लग्नापर्यंत आम्हाला पुरलं असतं.

दुपारी पुन्हा रस्त्यावर गेले, या वेळी तन्वीला घेऊन. अपेक्षा कोल्हापुरात इंग्रजी शिकवते. सगळं ऐकून म्हणाली, "वहिनी, सेट द रेकॉर्ड स्ट्रेट. आणि जिथे बोललं गेलंय ना, तिथेच उभी राहून कर. गप्प बसलीस तर तेच खरं धरतील."

हा वाक्प्रचार मला बीएच्या पेपरात आला होता. 'खरं काय ते सांगून गैरसमज पुसणे' याऐवजी 'नोंद सरळ करणे' असं लिहून मी मार्क घालवला होता. आणि इथे कसलं रेकॉर्ड? गावाचं सगळं रेकॉर्ड काकींच्या तोंडात!

परतताना त्यांचंच बोलणं डोक्यात घोळत होतं, आपसूक पेटलो काय तो. मी वाटेतच थांबले. विनीतने सुट्टीत पडवीत सोलरचा दिवा लावला होता. काळोख पडला की लागतो, उजाडलं की विझतो. निघायच्या गडबडीत त्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं.

तशीच भाईंकडे गेले. काकीही तिथेच बसल्या होत्या. "गाऱ्हाणा घालूच्या आधी जरा व्हाळावर येवा. काकी, तुमीय."

दोघांना बोलावलं होतं, आले तीसजण. सूर्य बुडाला. पलीकडे काळोख. आजच नाही लागला तर? तन्वीचा हात मी इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

आणि दिवा लागला.

मग भाईंनी कपाळाला हात लावला. "त्या दिव्याक कोणी सांगूकच नाय वाटता, गावपळण आसा म्हणान!"

माळभर हशा. हसणं ओसरायच्या आत मी बोलून घेतलं. "बटण बंद करूचा माझ्याकडसून रवला, ती चूक माझी. काकी खोटा बोलूक नाय. दिवो होतोच. मी थंय नाय होतंय."

भाईंनी तिथेच गाऱ्हाणं घातलं. दिव्याची चूक पोटात घाल, म्हणाले. सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्याच धोंड्यावर बसले.

झोपडीत आल्यावर काकींनी आपली गोधडी तन्वीवर घातली. "चेडवाक थंडी वाजतली." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या घोवाक सांग, असले दिवे बोटीर लाव म्हणान."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. याहून जास्त त्या काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. मला तेवढं पुरत होतं.

गोधडीतून तन्वीने डोकं बाहेर काढलं. आधी काकींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, आजीक सॉरी म्हणूक कोणी शिकवूकच नाय?"