बिट्टीच्या मापाचा पुतळा

मित्रांनो, दचकू नका. डोकं नाही, हात नाहीत, लोखंडी दांड्यावर नुसतं एक धड उभं आहे आणि तेच तुमच्याशी बोलतंय. मी शिंप्याच्या दुकानातला जुना पुतळा आहे. डोकं नसल्यामुळे माझं डोकं कुणी खात नाही, एवढंच काय ते सुख. बाकी जन्मभर टाचण्या.

एका कारागिराने कागदाचा लगदा थापून मला घडवलं. वर मांजरपाट चढवलं आणि खाली स्क्रूचा दांडा बसवला, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. माझा मालक शाळेतल्या मुलींचे गणवेश शिवायचा. मला त्याने मुद्दाम किरकोळ अंगाचा निवडला होता. जिचे कपडे शिवायचे, तिच्या मापाप्रमाणे तो माझ्यावर कापूस आणि कातरणं गुंडाळायचा आणि काम झालं की सगळं सोडून टाकायचा. आज मी गुबगुबीत, उद्या काटकुळा. टाचण्या तेव्हाही टोचत, पण दुखत नसत.

त्याला एकच लेक होती, बिट्टी. शाळेतून आली की दप्तर फेकायची, माझ्या पोटावर टकटक करायची आणि विचारायची, "कोण आहे आत?" मशीनमागून तिचा बाप घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "मी आहे." रोज तेच, तरी रोज ती खिदळायची. काजं करत बसलेली तिची आई म्हणायची, पुरे झाला बापलेकीचा चावटपणा.

आठ वर्षांची असताना एका संध्याकाळी ती समोरच्या दुकानातून दोऱ्याचं रीळ आणायला गेली. अंगात नवा पिवळाधमक फ्रॉक होता. माझ्या अंगावर तिचाच दुसरा, शिवून होत आलेला गडद निळा फ्रॉक होता. मला आधी आपटल्याचा आवाज आला आणि मग मोटारीच्या ब्रेकचा. हा क्रम मी कधी विसरलो नाही.

बिट्टी गेली. दवाखान्यात घाईघाईने तिचा फ्रॉक कापून काढला आणि टाकून दिला. मोटार चालवत होता लाकूडवखारीचा मालक. त्याच्यावर खटला उभा राहिला आणि त्याने शहरातला सगळ्यात हुशार वकील दिला.

त्या वकिलाने मला कोर्टात मागवलं. निळा फ्रॉक माझ्या अंगावर तसाच ठेवला, मला खोलीच्या टोकाला उभं केलं, पडदे ओढले, दिवे घालवले आणि न्यायाधीशांना विचारलं की पोरीच्या अंगात असाच गडद निळा फ्रॉक होता, तो अंधारात दिसतोय का. काही दिसत नव्हतं. मग दिवे लावून त्याने बिट्टीच्या बापाला विचारलं की हा फ्रॉक तुम्ही लेकीसाठीच शिवलात ना. तो म्हणाला, "हो, पण त्या दिवशी तिने..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

एवढ्या एका शब्दावर वखारवाला सुटला. मी सगळं जाणत होतो, पण मला तोंड कुठलं? बिट्टीच्या बापाला तोंड होतं, तर त्याला बोलू दिलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं सारखेच होतो.

दुकानात परत आल्यावर त्याने माझ्यावरचा निळा फ्रॉक काढून फेकला. पिवळ्या फ्रॉकाची उरलेली कातरणं गोळा केली आणि बिट्टीच्या मापाने माझ्यावर घट्ट गुंडाळली. ती मात्र त्याने पुन्हा सोडली नाहीत. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी बिट्टीच्या वर्गातली मैत्रीण गणवेशाचं माप द्यायला यायची. ती गेली की तो त्याच मापाने माझ्यावर नवा थर चढवायचा आणि दांडा थोडा वर घ्यायचा. म्हणायचा, "वाढली पोर."

आणि मित्रांनो, मी खरंच वाढत होतो. खांदे भरले, कंबर आली. त्याच सुमारास मला टाचण्या दुखू लागल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, या पुतळ्याकडे पाठ करून उभं राहवत नाही बुवा. बिट्टीची आई दुकान बंद करताना माझ्यावर चादर टाकायची आणि सकाळी चादर खाली पडलेली असायची. वारा असेल, असं ती म्हणायची. खिडक्या मात्र बंद असायच्या.

बिट्टी अठरा वर्षांची झाली असती त्या वर्षी वखारवाला दुकानात आला. त्याला पॅन्ट उसवून हवी होती. त्याने शिंप्याला ओळखलंही नाही. ओला रेनकोट काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. मी आतपर्यंत गारठलो. शिंप्याच्या हातात मोठी कात्री होती. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. वखारवाला जगला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. शिंपी कात्री खाली ठेवून खुर्चीवर बसला आणि पोलीस येईपर्यंत तो रेनकोटचं पाणी माझ्या अंगावरून पुसत होता.

आता त्याला जन्मठेप होणार, असं जो तो म्हणू लागला. त्याचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा दुकानाच्या पायरीवर तोच हुशार वकील येऊन उभा राहिला. केस पांढरे झाले होते. बिट्टीची आई म्हणाली, "जखमेवर मीठ चोळायला आलात का?" त्याने मान खाली घातली. तरी तो पायरीवरून हलला नाही. शेवटी तिनेच त्याला आत घेतलं आणि माझ्या पोटात कोणती कातरणं आहेत ते सांगितलं.

म्हणून मी पुन्हा त्याच कोर्टात गेलो. वकील म्हणाला की या माणसाला आधी न्याय नाकारला गेला, म्हणून त्याच्या हातून हे घडलं. फ्रॉक पिवळा होता, अंधारातही दिसेल असा होता आणि त्याचा पुरावा या पुतळ्याच्या आत आहे. त्याने माझ्यावरचा वरचा थर सोडायला सुरुवात केली. अठरावं वर्ष जमिनीवर पडलं, मग सतरावं, मग सोळावं. कंबर गेली, खांदे ओसरले. खोलीत इतकी शांतता होती की कापूस पडल्याचाही आवाज येत होता. मला थंडी वाजत होती. मी ओरडत होतो आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं.

एकालाच आलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून शिंपी हळूच म्हणाला, "पुरे साहेब. तिला लहान करू नका."

सरकारी वकील म्हणाले की मग पुरावा नाही. न्यायाधीश म्हणाले, पुरावा दाखवा, नाहीतर खाली बसा. वकिलाने शिंप्याला समजावलं की आणखी थोडेच थर उरलेत, नाहीतर उभा जन्म तुरुंगात जाईल.

"जाऊ दे," शिंपी म्हणाला.

वकील माझ्यासमोर उभा राहिला. हातातली पट्टी त्याने माझ्यावर पुन्हा गुंडाळायचा प्रयत्न केला. त्याला ते जमेना. मग त्याने, का कोण जाणे, बोटाने माझ्या पोटावर हळूच टकटक केलं आणि एकदम हात मागे घेतला. त्याला काय ऐकू आलं ते मी सांगणार नाही. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

त्याने अंगातला काळा कोट काढून माझ्यावर चढवला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. वकिलाच्या जागी आता मी होतो. न्यायाधीशांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग साक्ष संपेपर्यंत नजर कागदावरच ठेवली.

"माझ्या अशिलाने मला तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पोर पिवळ्या फ्रॉकात होती आणि त्याला लांबून दिसली होती. होईल बाजूला, असं त्याला वाटलं. हे ठाऊक असूनही मी दिवे घालवले."

अशिलाचं गुपित फोडणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्याची सनद गेली. शिंप्याची जन्मठेप टळली, पण तुरुंग चुकला नाही. कात्री ती कात्रीच, असं न्यायाधीश म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

वकील कोट न्यायला आला नाही. बिट्टीच्या आईने वाट पाहिली आणि मग त्या कोटाच्या पट्ट्या केल्या. पडलेले थर तिने जागच्या जागी परत चढवले आणि वरून त्या पट्ट्या गुंडाळल्या. माझा एकोणिसाव्या वर्षाचा थर काळा आहे.

शिंपी तुरुंगातून सुटून आला. टेप घेऊन त्याने माझं माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि बायकोला म्हणाला, "वाढली पोर." मग माझ्या पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "कोण आहे आत?" मशीनमागे कुणीच बसलं नव्हतं. तरी तो खुदकन हसला. बिट्टीच्या आईच्या हातून सुई पडली.

तेव्हा मित्रांनो, शिंप्याकडे गेलात तर कोपऱ्यातल्या पुतळ्याशी जरा जपून वागा. ओला कोट त्याच्यावर टाकू नका. टाचणी टोचण्याआधी एकदा टकटक करा आणि विचारा. आणि विचारल्यावर लगेच पळू नका. उत्तर द्यायला आम्हाला थोडा वेळ लागतो.