एकशे बारावं नाव

तेरा ते अठरा ही माझी वर्षं मला गाण्यांनी आठवतात. ‘शिट्टीचं’ गाणं लागायचं तेव्हा मी गणितात सपाटून आपटले होते. ‘रडकं’ गाजत होतं त्या सहामाहीत माझी जिवलग मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, ती कायमची. गाण्यांना असली नावं आम्हीच ठेवलेली, कारण आमच्या घरी गाणी गठ्ठ्याने यायची. बाबा रेडिओ केंद्रात फर्माईश विभागाचे कारकून होते.

दर गुरुवारी संध्याकाळी बाबा आठवड्याची पोस्टकार्डं पिशवीत भरून घरी आणायचे. केंद्रातल्या टेबलावर ती मावायची नाहीत आणि जुन्या साहेबांची त्याला हरकत नव्हती. चहाचे कप उचलले की आमचं जेवणाचं टेबल फर्माईश विभाग व्हायचं. बाबा प्रत्येक कार्ड अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचायचे, आई गाण्यांप्रमाणे चळती लावायची आणि मी यादी लिहायचे. गाण्याचं नाव वर, पाठवणाऱ्यांची नावं खाली. रविवारी सकाळी अकरा वाजता निवेदिका माझीच यादी जशीच्या तशी वाचायची. माझं अक्षर सुंदर होतं आणि त्याचा मला भयंकर माज होता.

बाबा नाकासमोर चालणारा माणूस. त्यांचा एकच नियम होता: आलेलं एकही नाव गळता कामा नये आणि न आलेलं एकही नाव घुसता कामा नये. अठरा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवायचे.

प्रेम म्हणजे काय ते मी त्या कार्डांवरून शिकले. लोक खरी नावं थोडीच लिहितात! ‘जिन्यातल्या तिसऱ्या पायरीकडून’, ‘निळ्या सायकलला’, ‘जी आता या शहरात नाही तिला’. बाबा हे सगळं हवामानाचा अंदाज वाचावा तशा आवाजात वाचायचे आणि मी ती नावं जरा जास्तच सुंदर अक्षरात लिहायचे. सगळ्या गावाला कुणी ना कुणी होतं आणि माझ्याच नावाचं कार्ड कुठल्या चळतीत नव्हतं.

पंधराव्या वर्षी ‘दिव्याचं’ गाणं आलं. समोरच्या घरातला दिवा विझेपर्यंत जागी राहणाऱ्या मुलीचं. आमच्या समोर बेकरी होती, बेकरीच्या वर एक खोली, त्या खोलीला खिडकी आणि खिडकीत बेकरीवाल्याचा मधला मुलगा. त्याने माझ्याकडे एकूण चार वेळा पाहिलं होतं. चौथ्यांदा तो हसला, निदान मला तरी तसं वाटलं. एवढ्या भांडवलावर मी त्या गुरुवारी ‘दिव्याच्या’ यादीत, बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा, एक ओळ घुसवली: ‘समोरच्या खिडकीकडून, समोरच्या खिडकीला.’ अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

शनिवारी जेवताना बाबा म्हणाले, “नवे साहेब कडक आहेत हं. वर्तमानपत्रात कुणीतरी पत्र लिहिलंय की रेडिओवाले नावं पदरची घालतात म्हणून. सोमवारी साहेब स्वतः यादी आणि कार्डं ताडून बघणार आहेत.”

“मग बघू देत की,” आई म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

“माझं काहीच नाही. उलट बरंच झालं. कळेल तरी लोकांना.”

खोटं नाव सापडलं तर काय होतं, असं मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. “घरी बसवतात,” बाबा म्हणाले आणि आमटी मागितली. यादी शुक्रवारीच केंद्रात गेली होती. पण बाबांना तेव्हाच सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन ती ओळ खोडू शकले असते. एवढंच करायचं होतं मला, तोंड उघडायचं होतं. भांडी घासताना ठरवलं सांगायचं. अंथरूण घालताना ठरवलं सांगायचं. सकाळी दात घासताना परत ठरवलं. पण सांगायचं म्हणजे ‘कुणाची खिडकी’ हेही सांगावं लागणार. बाबांच्या तोंडून बेकरीवाल्याच्या मुलाचा उल्लेख ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं.

अकरा वाजता आई इस्त्री करत होती. बाबा खुर्चीत डोळे मिटून प्रत्येक नावाला बोटाचं एकेक पेर मोजत होते. ‘दिव्याचं’ आलं. निवेदिकेने सहा नावं वाचली आणि सातवी ओळ तिच्या त्या मधाळ आवाजात वाचली. सगळं शहर ऐकत असताना माझी खिडकी त्याच्या खिडकीशी बोलत होती! हा आनंद जेमतेम एका श्वासाएवढा टिकला, कारण बाबांनी डोळे उघडले.

“समोरची खिडकी?” ते म्हणाले. “हे कार्ड मी वाचलं? मला कसं आठवत नाही?”

“वय झालं तुमचं,” आई हसत म्हणाली आणि कॉलर उलटून तिच्यावर इस्त्री फिरवली.

बाबा हसले नाहीत.

सोमवारी ते उशिरा घरी आले. पायातले बूट न काढता टेबलापाशी उभे राहिले आणि आईला सगळं सांगू लागले. मी दाराआड उभी होते. नावं निघाली एकशे बारा, कार्डं एकशे अकरा. साहेबांनी दोनदा मोजली, बाबांनी तीनदा. साहेब म्हणाले, एक तर नाव खोटं किंवा कार्ड गहाळ. मग त्यांनी विचारलं, अक्षर कोणाचं आहे? बाबांनी सांगितलं, मुलीचं.

“तर मला म्हणतो, पोरीने गंमत म्हणून घातलं नसेल कशावरून?” बाबांचा आवाज चढला. “मी उभाच राहिलो. म्हटलं, साहेब, ती माझी मुलगी आहे. कार्ड माझ्याकडून हरवलं असेल. लिहून घ्या माझ्याकडून.”

“आणि दिलंत लिहून?”

“दिलं. गुरुवारपर्यंत मुदत आहे. कार्ड मिळालं तर ठीक, नाहीतर फर्माईश विभाग सोडावा लागेल.”

मग आम्ही तिघं ते कार्ड शोधायला लागलो. हो, मीसुद्धा! बाबांनी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून फटी पाहिल्या, आईने कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि मी, जिला पक्कं ठाऊक होतं की जगात असं कार्डच नाही, मी कपाट पुढे ओढून त्याच्या मागे टॉर्च मारला. “तिथे नीट बघ हं,” बाबा म्हणाले. मी नीट बघितलं.

मंगळवारी ते पोस्टात चौकशी करून आले. मी शाळेतून आल्यावर एक कोरं कार्ड घेतलं, डाव्या हाताने ती ओळ लिहिली आणि बाटलीच्या झाकणाला बूटपॉलिश लावून पोस्टाचा शिक्का मारायचा प्रयत्न केला. चहाच्या कपाचा डाग उमटावा तसं काहीतरी उमटलं. कार्डाचे तुकडे करून ते संडासात टाकले, तर दोन तुकडे जाईनात. आई बाहेरून दार वाजवत होती.

बुधवारी संध्याकाळी बाबा चष्मा पुसत टेबलाशी एकटेच बसले होते. “पिशवीतून वाटेत पडलं असेल,” ते मला म्हणाले. “कुणीतरी बिचाऱ्याने मनापासून पाठवलेलं. वाचल्याचंही आठवत नाही मला. डोकं चालेनासं झालंय की काय माझं?”

ते ऐकवेना. मी म्हणाले, “बाबा, ते कार्ड आलंच नव्हतं. ते नाव मी घातलं.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. “आईने शिकवलं तुला हे?”

“नाही. खरंच मी घातलं. तुम्ही पाणी प्यायला उठला होतात तेव्हा.”

“बरं. कुणासाठी?”

बाबांच्या खांद्यामागे आमची खिडकी होती आणि रस्त्यापलीकडे त्याची. तो तिथे उभा राहून पिठाचे हात झटकत होता. बाबांनी नुसती मान वळवली असती तरी त्यांना सगळं समजलं असतं. दोन शब्द होते, बेकरीवरची खिडकी. मी ते गिळले.

“कुणासाठी नाही. असंच.”

“असंच!” बाबा म्हणाले आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसले. “वेडाबाई, तुला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. “बापासाठी आळ घ्यायला निघालीस. पण असं परत करायचं नाही, समजलं? चूक माझी आहे.”

मी अजून एकदा “पण बाबा” म्हणाले. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची मला आजही शिसारी येते.

शुक्रवारपासून बाबा तळघरातल्या तबकड्यांच्या खोलीत बसू लागले. तबकड्या पुसायच्या, क्रमांक घालायचे, परत ठेवायच्या. गुरुवारची पिशवी बंद झाली. आमचं टेबल नुसतंच जेवणाचं राहिलं. बेकरीवाल्याच्या मुलाचं म्हणाल तर तो पहाटे तीनला भट्टीवर जायचा आणि रविवारी बारापर्यंत ढाराढूर झोपायचा. हे मला त्याच्या बहिणीकडून दोन वर्षांनी कळलं. त्याने ते ऐकलंच नव्हतं.

बाबांनी मात्र स्वतःवर भरवसा ठेवणं सोडलं. कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायचे. विजेचं बिल आईला वाचायला लावायचे. “माझं काही खरं नाही, माझ्याकडून एकदा कार्ड हरवलंय,” हे वाक्य घरात इतक्यांदा आलं की आईने त्यावर हसणंही सोडलं. सोळाव्या, सतराव्या, अठराव्या वर्षी मी नवीन गाणी ऐकली, रडले, एकदोनदा प्रेमातही पडले. पण रविवारी अकरा वाजले की मी काहीतरी काम काढून घराबाहेर जायचे. सांगायचं हे दर वर्षी नव्याने ठरवायचे आणि दर वर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा अवघड झालेलं असायचं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. केंद्राच्या मोठ्या स्टुडिओत निरोपाचा कार्यक्रम झाला. आई आणि मी पहिल्या रांगेत. बाबांना भाषणाची सवय नाही. त्यांनी कागद उलगडला, मग घडी करून खिशात घातला.

“माझ्या नोकरीत माझ्याकडून एकच कार्ड गहाळ झालं,” ते म्हणाले. “त्याची बोच आहे. पण त्या चुकीने मला एक गोष्ट दाखवली. माझी मुलगी पंधरा वर्षांची होती. मला वाचवायला ती म्हणाली, बाबा, मी केलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, तरी बोलली. माझी कमाई विचाराल तर ती समोर बसली आहे.”

सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आईने मला कोपराने ढोसलं, “ऊठ ना.” बाबा माईकपाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, डोळे पुसत होते.

मी उठले, आणि टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिले.