मागच्या डब्याचं दार

हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून मैत्रेयी सकाळपासून तिसऱ्यांदा खाली आली. फेरी टर्मिनलसमोर येरझाऱ्या घालत तिने फोनवरचं तेच पान पुन्हा उघडलं. जपानमधलं ते खेड्यातलं स्टेशन मार्चच्या मध्यावर कायमचं बंद होणार होतं. शेवटची गाडी शुक्रवारी. आणि त्याच शुक्रवारी पुण्यात बाबांचं वर्षश्राद्ध.

दोन वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून तिच्याकडे परदेशात, आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, तेव्हा ते स्टेशन त्यांनीच इंटरनेटवर शोधून काढलं. पत्र्याचं छप्पर, एक बाक, मागे भातशेती. ना स्टेशनमास्तर, ना तिकीटखिडकी. "इथे जाऊन नुसतं बसायचं," ते म्हणाले. बापलेक गेलीही. गाडी थांबली तेव्हा दोघं मागच्या डब्याच्या दाराशी उभी होती, तिच्या शहरातल्या मेट्रोत, एमआरटीत उभं राहतात तशी, दार आपोआप उघडायची वाट बघत. अशा स्टेशनावर फक्त पहिल्या डब्याचं, चालकाजवळचं दार उघडतं, हे त्यांना कुठे ठाऊक? गाडी त्यांना घेऊनच सुटली. उलट दिशेची गाडी थेट संध्याकाळी होती आणि तोवर विमान गाठायचं होतं. "पुढच्या वेळी," बाबा म्हणाले. पुढची वेळ आलीच नाही.

तिने आईला फोन लावला.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"आई, मी शुक्रवारी आले नाही तर?"

"विधी काय, तुझा भाऊ करेल. पण त्या दिवशी मी बोलू कोणाशी? प्रसन्नशी? तो गुरुजींशीसुद्धा मोजून बोलतो."

मैत्रेयीने स्टेशनाचं सांगितलं. "बाबांचं राहून गेलं गं. त्यांच्यासाठी जायचंय."

"त्यांचं काय राहिलं? येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगायचे. दार उघडेना आणि लेक काचेवर थापा मारतेय. हसताना ठसका लागायचा त्यांना. स्टेशन बघितलं की, म्हणायचे, गाडीतून बघितलं."

मैत्रेयी चालता चालता थांबली. काचेवर थापा मारल्याचं तिला आठवतच नव्हतं.

"तुला जायचंय ना?" आई म्हणाली. "मग तसं म्हण. त्यांना कशाला पुढे करतेस?"

बॅगा ओढत माणसं फेरीकडे निघाली होती. त्यांना वाट देत ती कडेला सरकली.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"जा मग. पण मी रागावणार आहे. शनिवारपर्यंत तरी."

"रविवारी येते. पंधरा दिवस राहते."

"ये. प्रसन्नला मात्र तूच सांग. मी मध्ये पडणार नाही."

तिने लगेच प्रसन्नला फोन लावला. रिंग वाजत असताना ती पुन्हा चालायला लागली आणि त्याला सांगायचं वाक्य मनात जुळवू लागली. बाबांना वगळून ते सुरूच होईना.

"हं, बोल गं," प्रसन्न म्हणाला.