मालनबाईचं दुखणं

महायुद्ध संपलं त्या वर्षी हिवरे बाजारच्या मालनबाईचं ओटीपोट सारखं दुखत होतं. वैद्यांनी वात सांगितला, तालुक्याच्या डॉक्टरांनी मुतखडा. सासूच्या मते तर ती नुसती ढोंग करत होती. शेवटी नवरा कानिफनाथ तिला बैलगाडीतून नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

त्यांनी नीट तपासलं. "आजाराचं नाव अजून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुझं दुखणं खरं आहे. आपण शोधून काढू. महिन्याने ये."

मालनबाई डोळे पुसत बाहेर आली. कानिफनाथ घाबरला. "लई वंगाळ सांगितलं का?"

"न्हाई वो. माजं दुखनं खरं हाय म्हनल्या."

परतीच्या वाटेवर खड्डे लागले तशी ती पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणाली, "जरा हळू हाका, दुखतंय."

त्याने लगेच कासरा आखडला.