ज्या शुक्रवारी मासे उरले

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. गोल नव्हे, चौकोनी. पोलादी, दोन जाळीच्या टोपल्यांची. पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिश वस्तीत, कॅथलिक हायस्कूलच्या तळघरात मी तेहेतीस वर्षं मासे तळले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी आमची माणसं मांसाला शिवत नाहीत, माशाला मात्र ना नाही. त्यामुळे दर शुक्रवारी अख्खी वस्ती माझ्यापुढे ताटं घेऊन उभी राहायची. "आमच्या घरी असं जमत नाही कुणाला," असं एखादी म्हातारी सुनेदेखतच म्हणायची आणि मी फुशारून जायचे.

मला सांभाळायचे ते शाळेचे शिपाई, स्टॅन बोरोव्ह्स्की. माणूस तापट, पण मला घासताना हात हलका. पुढे खाणी बंद पडल्या, तरुण घरं गाव सोडून गेली आणि वर्ग ओस पडू लागले. तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर लिओकाडियांनी परदेशातल्या मुलांना बोलावलं. कोरियातून आली, ब्राझीलमधून आली. व्हिएतनामच्या ह्वे गावातून लिएन आली आणि थेट माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, थोडं तांदळाचं पीठ घाला, कुरकुरीत होतील."

"लग्न झालं नाही माझं, आणि ही मला आजोबा करते," स्टॅन गुरकावले. "तळतोय कोण इतकी वर्षं?"

पुढच्या शुक्रवारी तांदळाच्या पिठाची पिशवी त्यांनी स्वतःच आणली.

लिएनचं शेवटचं वर्ष उरलं होतं, तेवढ्यात शाळा बंद करायचं घाटू लागलं. तिचा या देशात राहायचा परवाना याच शाळेच्या नावावर होता. शाळा गेली की तीही जाणार. शाळा ठेवायची की नाही हे बिशपांच्या हाती. त्यांनी एक फादर पाठवायचं ठरवलं. वस्तीला शाळा अजून हवी आहे का, हे ते डोळ्यांनी पाहणार होते. स्टॅननी त्यांना शुक्रवारच्या जेवणालाच बोलावलं, सतरा मार्चला.

आदल्या रविवारी चर्चमध्ये बिशपांचं पत्र वाचलं गेलं. शुक्रवारी आयरिश लोकांच्या संत पॅट्रिकचा सण, म्हणून त्या दिवशी सगळ्यांना मांस खायची सूट.

"फादरांना दुसरा दिवस मागू या का?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नको, सिस्टर. आपली माणसं पोलिश आहेत. आयरिशांच्या सणापायी रांग सोडायची नाहीत."

सोडली. त्या संध्याकाळी सगळी वस्ती कोपऱ्यावरच्या बारमध्ये खारवलेलं गोमांस नि कोबी खात होती. आमच्याकडे सव्वीस माणसं आली, त्यातली अकरा परदेशी मुलं. फादरांनी दोन तुकडे खाल्ले, चांगलं झालंय म्हणाले, हात पुसले आणि रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवून निघून गेले. माझ्यातलं तेल उकळतच राहिलं. तितकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लिएन उरलेले मासे डब्यांत भरत होती.

"आजोबा, आम्ही बाहेरची पोरं आलो, म्हणून लोक यायचे थांबले का?"

स्टॅन खुर्चीत बसले. "नाही गं पोरी. तुमचा काय दोष? मीच त्यांना गृहीत धरलं."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी रांग पार रस्त्यावर गेली. "गेल्या खेपेला यायचं राहूनच गेलं," लोक हसत म्हणत होते. तोवर फादरांचा अहवाल बिशपांकडे गेला होता. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सिस्टरांनी लिएनसाठी नऊ शाळांना पत्रं लिहिली. जागा कुठेच नव्हती. लिएन घरी गेली. स्टॅन त्यानंतर तळघरात उतरले नाहीत.

आता मी भंगारवाल्याची वाट पाहते आहे. मित्रांनो, तुमच्या गावच्या शाळेवर तुमची माया असेल, खूप असेल. त्या वस्तीचीही होती. फक्त ती दाखवायला ते एक आठवडा उशिरा आले.